वाळवणाकडे शास्त्राच्या नजरेने

नवतपा लागला की नागपूरकर दुपारभर उन्हाला नावे ठेवतो आणि त्याच उन्हाच्या भरवशावर वर्षभराची बेगमी करून ठेवतो. कुरडया, सरगुंडे, खारोड्या, मूगवड्या, ताकातल्या भरल्या मिरच्या, तिखटाच्या लाल मिरच्या, हळद यांची मोठी यादी चैत्र-वैशाखात घरोघर तयार होत असे. संत्र्याचा मृग बहार संपता संपता जमा झालेल्या सालीही याच दिवसांत सुपात पडत. विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दल तक्रारीचे सूर पुष्कळ निघाले आहेत. परंतु या उन्हाळ्याने आपल्या स्वयंपाकघराला किती दिले, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

धंतोलीसारख्या जुन्या वस्तीत हा बदल विशेष जाणवतो. ऐसपैस अंगणांचे बंगले एकामागून एक गेले. त्यांच्या जागी रुग्णालये उभी राहिली, बहुमजली सदनिका आल्या. गच्च्या अजून आहेत. पण त्यांच्या दाराला सोसायटीचे कुलूप असते आणि आत पाण्याच्या टाक्या, सौर बंब व तबकड्यांची गर्दी असते. वाळवण घालायचे तर आधी किल्ली मागावी लागते. तथापि माणसाची हौस दांडगी. सज्जातल्या कुंड्यांत तुळस, पुदिना, गवती चहा, कढीलिंब, जास्वंद अशी घरची पिके पुन्हा दिसू लागली आहेत. विकतच्या पुड्यांवर विश्वास उरला नाही, म्हणून घरचा पाला घरीच वाळवून ठेवणारी कुटुंबे आज पुष्कळ आहेत.

आमच्याही घरी हा उद्योग चालतो. मागे एकदा जूनच्या अखेरीस तोडलेली तुळस आणि गवती चहा आम्ही पंख्याखाली तीन दिवस वाळवला आणि काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवला. हाताला पाला कोरडा लागत होता. पंधरा दिवसांनी झाकण उघडले तेव्हा कुबट वास आला आणि तळाशी पांढुरकी बुरशी दिसली. चूक कोठे झाली, हे शेजारच्या एका वृद्ध काकूंनी एका वाक्यात सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, कूलरचा गारवा संपला त्याच दिवशी वाळवण आवरायला हवे होते.” या वाक्यात भौतिकशास्त्राचा एक संपूर्ण धडा आहे, हे आम्हांला पुढे विचार केल्यावर कळले.

परक्या देशांतील एक विचित्र दक्षता

येथे एका परदेशी वस्तुस्थितीचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४, आणि जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला ३, अशी गांजाची रोपे घरी लावण्यास कायद्याने मुभा मिळाली आहे. आपल्याकडे हा प्रश्न निकालात निघालेला आहे. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्या प्रांतात इंग्रजी अमदानीत निमाड जिल्ह्याच्या खांडवा तहसिलीत सरकारी परवान्याने गांजाचे पीक निघत असे. आज १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना गांजाचे रोप लावणे हा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. तो तसाच असावा की नसावा, हा या लेखाचा विषय नव्हे.

लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. तिकडचा हौशी उत्पादक आपला पाला वाळवताना अंधारी खोली निवडतो, उष्णतामान १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवतो, हवेची सापेक्ष आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर स्थिर राखतो आणि दहा-बारा दिवस आर्द्रतामापकाच्या काट्यावर डोळा ठेवून बसतो. घाई केली तर सुगंध उडतो, ढिलाई केली तर बुरशी येते, हे तो जाणतो. नशेच्या पाल्यासाठी माणूस एवढी दक्षता घेतो. मग ज्या मिरचीचे तिखट आपण मुलांच्या ताटात वाढतो आणि ज्या तुळशीचा काढा आजाऱ्याला पाजतो, तिच्या वाळवणीत आपण ‘ऊन चांगले आहे’ एवढ्यावर समाधान का मानतो?

हवा किती पाणी पिते?

सर्वसाधारण समजूत अशी की, पदार्थ उन्हाने वाळतो. वस्तुतः उष्णता पाण्याची वाफ करते. ती वाफ उचलून नेण्याचे काम हवेचे असते. हवा आधीच तृप्त असेल तर उष्णतेचा उपयोग होत नाही. हवेला किती तहान आहे हे सापेक्ष आर्द्रतेवरून कळते.

नागपूरचेच उदाहरण घेऊ. मे महिन्यातील एखाद्या दुपारी उष्णतामान ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के आहे असे समजा. या उष्णतामानाला एक घनमीटर हवा सुमारे ५९ ग्रॅम वाफ सामावू शकते. तिच्यात त्या वेळी असते अवघी ९ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅमची जागा रिकामी असते. आता जुलैचा दिवस घ्या. उष्णतामान ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेची एकूण क्षमता ३० ग्रॅमच्या आसपास आणि त्यांपैकी सुमारे २६ ग्रॅम भरलेली. उरली फक्त चार-साडेचार ग्रॅमची जागा. पारा १३ अंशांनीच उतरला. पण हवेची तहान अकरा-बारा पटींनी घटली. आमचा गवती चहा पंख्याखाली तीन दिवस पडून का बुरसला, याचे उत्तर या आकड्यांत आहे. पंखा हवा हलवत होता. मात्र हलणारी प्रत्येक हवा पोट भरलेलीच होती.

काकूंच्या कूलरचे रहस्यही हेच. कूलरच्या ताटीवरील पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते, म्हणून हवा थंड होते. कोरड्या हवेत ही क्रिया जोरात चालते. मृग नक्षत्राचा पाऊस पडून हवा दमट झाली की पाण्याची वाफ होईनाशी होते, कूलर नुसता ओलसर वारा फेकू लागतो आणि आपण चिडून तो बंद करतो. जी हवा वाळ्याच्या ताटीतले पाणी उचलत नाही, ती मिरचीतले पाणी कोठून उचलणार? ज्या गृहिणींनी कूलरवरून वाळवणाचा हंगाम ओळखला, त्यांनी आर्द्रतामापकच वापरला असे म्हटले पाहिजे.

शाळेतील शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोन्ही वाऱ्याच्या झोतात टांगावेत. मेच्या कोरड्या दुपारी दोन्हींत २० अंशांइतका फरक दिसेल. जुलैत तो जेमतेम दोन अंशांवर येईल. हा फरक म्हणजेच वाळवणाचे भांडवल होय.

पाला सावलीत, मिरची उन्हात

सर्वच पदार्थ एका नियमाने वाळत नाहीत. तुळस, पुदिना, गवती चहा यांचा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. त्यांना ३५ ते ४० अंशांच्या वर नेले की पाणी जाते, त्याबरोबर तेलही जाते, आणि कडक उन्हात हिरवा रंग उडून पाला गवतासारखा होतो. वैद्यकीत ‘छायाशुष्क’ हा शब्द आहे, त्यामागचा अनुभव हाच. नागपूरच्या मे महिन्यात ही सावली शोधण्यास कष्ट पडत नाहीत. झरोके उघडे ठेवलेल्या खोलीत, सुती कापडावर एकेरी पसरलेला पाला एक-दोन दिवसांत खडखडीत वाळतो. अट एवढीच की, त्या खोलीत कूलर चालू नसावा.

जाड आणि गरयुक्त पदार्थांची रीत निराळी. पिकल्या लाल मिरचीच्या वजनात दोन तृतीयांशांहून अधिक पाणी असते. ते दहा-अकरा टक्क्यांवर आणावे लागते. १०० किलो ओल्या मिरचीतून २५ ते ३५ किलो वाळली मिरची हाती येते, यावरून काढावयाच्या पाण्याचा अंदाज यावा. एवढे पाणी काढण्यास ऊन हवेच. तथापि येथेही घाई घातक ठरते. फार तीव्र उष्णतेत जाड फोडीचा वरचा थर आधी कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाट बंद करतो. बाहेरून वाळलेला तुकडा महिन्याने आतून काळा निघतो, तो यामुळे.

रात्रीचा धोका तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. डिसेंबरमधील कोरड्या दुपारी उष्णतामान २८ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असेल, तर घनमीटरमागे साडेनऊ ग्रॅम वाफ असते. पहाटे उष्णतामान १२ अंशांवर आले की तेवढ्याच वाफेची आर्द्रता सुमारे ८९ टक्के होते. हवेत नवे पाणी आले नाही. थंडीमुळे तिची क्षमता आटली. दिवसभर वाळलेली मिरची उघड्यावर राहिली की पहाटेपर्यंत कमावलेले थोडे पुन्हा गमावते. संध्याकाळी वाळवण गोळा करून झाकून ठेवण्याची आपल्या घरांतील शिस्त केवळ कावळ्या-मांजरांच्या भीतीने पडलेली नव्हती.

वाळले की नाही, हे ओळखण्याच्या जुन्या खुणाही अचूक आहेत. मिरची हलविली की बिया खुळखुळाव्यात. हळकुंड मोडताना टणत्कार व्हावा. पाल्याचा देठ वाकण्याऐवजी कट्कन तुटावा. या खुणांना आता एका साध्या कसोटीची जोड देता येते. वाळलेला जिन्नस काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरून त्यात छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि झाकण लावून एक दिवस थांबावे. आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाव नाही. ती ६५ च्या वर चढली तर जिन्नस पुन्हा सुपात घालावा. हे उपकरण काही शे रुपयांत मिळते. त्याचा खरेखोटेपणाही घरच्या घरी तपासता येतो: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी ते चिखलासारखे ओले करावे आणि मापकाबरोबर बंद बरणीत ठेवावे. काही तासांनी काटा ७५ टक्क्यांवर यावयास हवा.

न दिसणारे विष

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. बुरशी दिसली तर जिन्नस फेकून देऊ, असेही म्हणेल. परंतु दिसणारी बुरशी ही धोक्याची अखेरची पायरी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची बुरसलेली पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा ‘अफ्लाटॉक्सिन’ या विषाचा शोध लागला. विशिष्ट बुरशी ते तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने नाहीसे होत नाही. यकृताच्या कर्करोगाचे ते एक सिद्ध कारण आहे.

आपल्या देशाने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासीबहुल जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठविला गेला. तोच रोजच्या जेवणात गेला. अनेक गावांत कावीळ पसरली. ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १०६ जण दगावले. घरातली कुत्रीही त्याच अन्नाने मेली. रोगजंतूंची साथ म्हणून ज्याची शंका आली, त्याचे मूळ कणसांतल्या ओलाव्यात होते. मरणारी माणसे गरीब होती. दुसरे धान्य आणण्याची त्यांची ऐपत नव्हती. वाळवण हा केवळ चवीचा विषय नाही, हे सांगण्यास यापेक्षा वेगळा पुरावा नको.

भिवापूरचा सातरा

नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्हींचे नाव रंगावर आणि गुणावर उभे आहे, आणि रंग व गुण दोन्ही वाळवणीत टिकतात किंवा जातात. भिवापूर, कुही, मांढळ या भागांतील मिरचीच्या सातऱ्यांवर शेकडो मजूर स्त्रिया हंगामभर मिरचीचे देठ खुडत बसतात. सातरा म्हणजे उघडे मैदान. वर आभाळ, खाली माती. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट आता नवलाची राहिलेली नाही. एक सर आली की लाल गालिचा काळा पडतो, भाव कोसळतो आणि त्या स्त्रियांची मजुरीही बुडते.

युरोपच्या बाजारात मिरचीत अफ्लाटॉक्सिन बी-१ चे प्रमाण किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिनचे १० मायक्रोग्रॅम यांहून अधिक चालत नाही. मानांकनाची मोहर कागदावर लागते. मालाची परीक्षा मात्र सातऱ्यावर रात्री ताडपत्री होती की नव्हती, यावर ठरते. आपल्या शेतकऱ्याला बियाणे, खत आणि पाणी यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पीक काढल्यानंतरच्या पंधरा दिवसांविषयी बोलणारे फार थोडे.

उपाय आवाक्यातले

यावरचे उपाय अवघड नाहीत. दमट हवा तापविली की तिची तहान वाढते, हे तत्त्व लक्षात घेतले तरी पुरे. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापविली, तर तिची आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास येते. आतून काळ्या रंगाची पेटी, वर काच, खाली हवा आत येण्यास आणि वर बाहेर पडण्यास जाळीची भोके, एवढ्यावर सौर वाळवणयंत्र उभे राहते. वरची भोके विसरली तर मात्र त्याच पेटीत भाजी वाफवून निघेल. मालासाठी जमिनीपासून उंच फरसबंदी ओटे, ताडपत्री आणि खरेदीच्या वेळी ओलावा मोजणारे यंत्र, एवढ्या सोयी प्रत्येक बाजार समितीला परवडण्याजोग्या आहेत. ओल्या मालाला आणि नीट वाळविलेल्या मालाला एकच भाव मिळणार असेल, तर शेतकऱ्याने वाळवणीचे कष्ट का घ्यावेत, हाही प्रश्न समित्यांनी स्वतःला विचारावा.

शहराकडूनही थोडी अपेक्षा आहे. सोसायट्यांनी चैत्र-वैशाखात गच्चीचा एक कोपरा वाळवणासाठी मोकळा ठेवला, तर कोणाचे काही बिघडणार नाही. वृत्तपत्रांनी पाऱ्याचा आकडा मथळ्यात देताना संध्याकाळची आर्द्रताही ठळक छापावी. हवामान खाते सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाचला तिची नोंद घेतच असते. शाळांनी ओल्या-कोरड्या तापमापकाचा प्रयोग पुस्तकातून गच्चीवर आणावा. विद्यार्थ्याला ‘सापेक्ष आर्द्रता’ ही व्याख्या पाठ असते; आजीच्या कुरडया जूनमध्ये का वाळत नाहीत, हे मात्र तो सांगू शकत नाही. शिक्षण आणि जीवन यांतील हे अंतर एका सुपाएवढेच आहे.

घरातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान सांभाळले. त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही, त्याची कोठे नोंद झाली नाही आणि आता ते त्यांच्याबरोबर निघून चालले आहे. आर्द्रतामापक विकत आणता येईल. परंतु कोणत्या जिनसाला किती ऊन, किती सावली आणि किती दिवस, हा हिशेब ज्यांच्या हातात मुरला आहे, त्यांना विचारून लिहून ठेवण्याचे काम आपल्यालाच करावयाचे आहे. आमच्या शेजारच्या काकूंकडून आम्ही त्याची सुरुवात केली आहे. यंदा कूलर बंद करावा लागला, त्याच्या आठ दिवस आधीच आमची तुळस बरणीत गेली होती. श्रावणात झाकण उघडले तेव्हा आतला काटा ५२ वर होता आणि खोलीभर तुळशीचा वास पसरला.